सहा चाकांचे घर आणि सातवे चाक

बंगळूरच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर, के. आर. पुरम लागते. पूर्ण नाव कृष्णराजपुरम, पण तेवढे म्हणायला तिथे कोणाला सवड नाही. रेल्वेरुळांवरून गेलेला, तारांनी तोललेला पूल ही इथली खूण. तो २००३ साली झाला. आता त्याच्यावर अडकून पडलेल्या गाड्यांतून लोकांना तो निवांत पाहता येतो. जवळच दूरवाणीनगरात १९४८ साली सुरू झालेला आय.टी.आय.चा टेलिफोन कारखाना, अलीकडे रेल्वे इंजिनांचे शेड आणि २०२३पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो. एवढ्या सगळ्यांच्या मध्ये आमच्या लेकीचे तिसऱ्या मजल्यावरचे घर.

आमच्या ह्यांना मात्र या गावातले एकच आवडते, ते म्हणजे रस्ता. पूर्वीचा चार नंबरचा राष्ट्रीय महामार्ग ठाण्याहून निघून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करीत बंगळूरला यायचा आणि इथूनच पुढे कोलारमार्गे चेन्नईला जायचा. ह्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत, म्हणजे त्याच रस्त्याच्या कडेला गेली. आता महामार्गांचे नंबर बदलले. बंगळूरपर्यंतचा अठ्ठेचाळीस झाला, इथला पंच्याहत्तर. तरी बाल्कनीत उभे राहून हे म्हणतात, "काय गंमत आहे बघ! जन्मभर याच रस्त्यावर होतो, फक्त दुसऱ्या टोकाला!"

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिथे गेलो तेव्हा सासूबाईही बरोबर होत्या. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या मनात एकच होते, मुळबागलजवळच्या कुरुडुमलेचा गणपती बघायचा. एकाच दगडात कोरलेली, तेरा-साडेतेरा फूट उंचीची मूर्ती. अंतर इथून नव्वदएक किलोमीटर. आपल्याला ते काहीच नाही. पण सासूबाईंना तासाभराने पाठ टेकावी लागते आणि दुसरी एक अडचण असते, जी रस्त्यावरच्या बायकांना सांगायला नको. ढाब्यावरचे स्वच्छतागृह म्हटले की त्या आदल्या दिवसापासून पाणी पिणे सोडतात.

यावर जावईबापूंनी तोडगा काढला तो मोटारहोमचा. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेले घर ते! आत पलंग, छोटा ओटा, फ्रिज आणि मुख्य म्हणजे न्हाणीघर. आपल्याकडे हे नवे असले तरी अगदी अपूर्वाईचे राहिलेले नाही. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणे जाहीर केली आणि बंगळूरला अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. सासूबाईंनी एकदा आत डोकावून पाहिले आणि विचारले, "याला भाडेकरू किती ठेवायचे?" म्हणजे गाडी पसंत पडली.

नेऊ की नको?

ह्यांनी मात्र घराकडे पाहिलेच नाही. ते गाडीभोवती फिरले, खाली वाकले आणि म्हणाले, "स्टेपनी कुठे आहे?"

स्टेपनी नव्हती. मूळ मिनीबसला ती मागे, खालच्या बाजूला साखळीने टांगलेली असते. घर बांधताना त्या जागी सांडपाण्याची टाकी बसवली होती. गाडी देणारे म्हणाले, "अंगणात ठेवली आहे, हवी तर घेऊन जा. पण आजकाल कोणी नेत नाही."

मग आमच्या घरात वाद जुंपला. जावईबापूंचे म्हणणे सरळ होते. ते काही वर्षे जर्मनीत होते. तिकडे कित्येक मोटारहोम स्टेपनीवाचूनच विकली जातात. टायरमध्ये भरायचे औषध आणि हवेचा छोटा पंप एवढेच बरोबर देतात. चाकाचे वजन तीस-पस्तीस किलो. ते ठेवायचे कुठे? आणि ठेवले तरी बदलणार कोण? मदतीचा फोन नंबर आहे, तो फिरवायचा. आपल्या सरकारनेही सूट दिली आहे, असे त्यांनी वर सांगितले.

सूट दिली आहे हे खरे. केंद्र सरकारने २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल केला. पण ती सूट साडेतीन टनांपर्यंतच्या आणि चालकासह नऊपेक्षा जास्त आसने नसलेल्या गाड्यांना आहे. शिवाय गाडीत टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असायला हवा. ह्यांनी गाडीचे नोंदणीपत्र मागितले. वजन साडेतीन टनांच्या वर होते.

"आणि ते औषध," हे म्हणाले, "खिळा घुसून पडलेल्या बारीक भोकाला चालतं. टायर बाजूनं फाटला किंवा फुटला तर काय शिवायचा आहे का? मोटारीचा टायर कुठल्याही गावात मिळेल. या मापाचा मिळेलच असं नाही."

लेक म्हणाली, "बाबा, जागा करायची तर सामान काढावं लागेल."

"काढा," हे म्हणाले. घडीच्या खुर्च्या, टेबल आणि निखाऱ्यावर भाजायची शेगडी खाली उतरली. नातीने शेगडीसाठी अश्रू ढाळले, पण आजोबा विरघळले नाहीत.

पुलाजवळचे दुकान

अंगणातली स्टेपनी उन्हापावसात पडून होती. तिच्यावर एक मांजर झोपले होते. त्याला उठवून आम्ही ती जुन्या मद्रास रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात नेली. दुकान कसले, दहा फुटांचा गाळा, बाहेर टांगलेला पांढरा रंगवलेला टायर आणि हवेचा पंप. मालक मूळचे केरळचे. आपल्याकडच्या महामार्गांवरही हे काम करणारी केरळची माणसे किती भेटतात! त्यांनी चाक जमिनीवर आपटले, आवाज ऐकला आणि त्यांच्या मदतनिसाला कानडीत म्हणाले, "मोदलु गाळी नोडबेकु."

सासूबाई दचकल्या. "शिवीगाळ कशाला करतोय तो?" कानडीत गाळी म्हणजे हवा. आधी हवा बघायला हवी, एवढेच तो सांगत होता. हे कळल्यावर सासूबाईंनी त्याच्याकडे बघून इतके गोड हसून घेतले, की त्याने आम्हा सगळ्यांना चहा मागवला.

हवा जवळजवळ नव्हतीच. मग त्याने टायरच्या बाजूवरचे चार आकडे ओल्या फडक्याने पुसून दाखवले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या टायरला अकरावे वर्ष चालू होते. वरची नक्षी मात्र नव्यासारखी! रस्त्यावर धावलाच नव्हता ना. त्याने अंगठ्याने बाजूचे रबर दाबले तेव्हा केसासारख्या बारीक चिरा उघडल्या.

"टायर धावून झिजतो, तसा बसूनही म्हातारा होतो," तो त्याच्या हिंदीत म्हणाला. "अशी घरवाली गाडी वर्षातले आठ महिने उभी असते. नक्षी बघून फसू नका."

गाडी देणाऱ्यांशी फोनवर बरीच बोलाचाली झाली. शेवटी निम्मे पैसे द्यायला ते कबूल झाले आणि जुन्या चाकावर नवा टायर चढला. मग ह्यांनी जावईबापूंना पाना दिला आणि म्हणाले, "आता इथेच एक नट सैल करून दाखवा."

जावईबापू व्यायामशाळेत जाणारे. पण नट हलेना. दुकानांत हल्ली नट हवेच्या यंत्राने आवळतात, ते गाडीतल्या आखूड पान्याला दाद देत नाहीत. दुकानदाराने पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला आणि नट कुरकुरत सुटला. तो पाइप आम्ही विकत घेतला.

एवढ्यात अकरा वाजत आले. ऊन चढत होते. दुकानदार म्हणाला, "बाकीच्या सहा चाकांची हवा बघून देतो." पुढची दोन झाली, मागची बाहेरची दोन झाली. आतल्या जोडचाकांपर्यंत नळी नीट पोहोचेना. तो दुसरी नळी आणायला आत वळला आणि मी म्हणाले, "अहो, पुरे आता! आईंना ऊन लागतंय. मंदिर बंद व्हायच्या आत पोहोचायला नको का?"

हे क्षणभर घुटमळले. पण मीच घाई केली आणि आम्ही निघालो.

कोलारच्या पुढे

होसकोटे गेले, शहर मागे पडले आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना लाल माती, टोमॅटोचे मळे, मधूनच एकावर एक रचल्यासारखे दिसणारे प्रचंड दगड. हा सगळा मुलूख कधी काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता. १६३८नंतर बंगळूर त्यांच्याकडे आले, त्यात कोलार आणि होसकोटेही होते. सासूबाई पलंगावर आडव्या पडून खिडकीतून हे सारे बघत होत्या. "घोड्यावरून आले असतील, नाही? त्यांना काही पंक्चरची भीती नव्हती," त्या म्हणाल्या. कोलारला कोलारम्मा आणि सोमेश्वर या जुन्या देवळांना बाहेरूनच हात जोडले. येताना उतरायचे ठरले.

कोलार सोडून अर्धा तासही झाला नसेल. मागून बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि फ्रिजवरचे डबे धडाधड कोसळले. गाडी डावीकडे किंचित ओढली गेली. जावईबापूंनी एकदम ब्रेक मारला नाही, हे त्यांचे कौतुक. वेग आपोआप उतरू दिला आणि गाडी कडेच्या मातीवर घेतली.

आतले मागचे चाक फुटले होते. अशा वेळी बाहेरचे चाक शाबूत दिसते आणि चालकाला वाटते, जाऊ असेच पुढच्या गावापर्यंत. पण मग दोघांचा भार एकावर येतो, तो तापतो आणि तोही फुटतो. हे म्हणाले, "एक पाऊलही पुढं नको."

जावईबापूंनी मदतीचा नंबर फिरवला. समोरच्या माणसाने नम्रपणे सांगितले, गाडी बंगळूरहून येईल, तीन तास धरा. आणि या मापाचा टायर दुकानात आहे का, ते चौकशी करून कळवतो. जावईबापूंनी फोन खिशात ठेवला आणि काही न बोलता शर्टाच्या बाह्या वर केल्या. स्टेपनी मागच्या पलंगाखालच्या कप्प्यात होती आणि कप्प्याचे दार बाहेरून उघडत होते. पट्टा सोडला, चाक बाहेर आले.

पहिले काम माणसांना बाहेर काढण्याचे. सासूबाई म्हणाल्या, "मी आत पडून राहते, माझं काय वजन आहे!" पण जॅकवर चढवलेल्या गाडीत कोणी बसायचे नसते. लेकीने आणि मी त्यांना धरून रस्त्यापासून लांब, एका कडुनिंबाखाली नेले. सासूबाई बसतील म्हणून मी त्यांचा पाटही नेला. त्यांचा लग्नातला सागवानी पाट, देवापुढे बसायचा. त्याच्याशिवाय त्या घराबाहेर पडत नाहीत.

इकडे दिव्यांची उघडझाप चालू करून लाल त्रिकोण पन्नास-साठ पावले मागे ठेवला. दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. नट जमिनीवरच सैल केले, पाइपमुळे ते सुटले. मग जॅक लावला, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच मातीत शिरू लागला. खाली द्यायला फळी हवी होती. आम्ही नवा टायर घेतला होता, पाइप घेतला होता; फळी मात्र कोणालाच सुचली नव्हती.

ह्यांनी आजूबाजूला पाहिले आणि त्यांची नजर पाटावर गेली. तोंडाने मागायचा धीर काही त्यांना होईना. सासूबाईच उठल्या. "घे रे," त्या म्हणाल्या. "गणपतीच्याच वाटेवर आहोत आपण."

पाट उलटा टाकला, त्यावर जॅक बसला आणि गाडी वर आली. आतले चाक काढायचे म्हणजे आधी बाहेरचे काढावे लागते, तेव्हा दोन चाके उतरवायची आणि दोन चढवायची. इथे ह्यांचे सदुसष्ट वर्षांचे वय आड आले. एक टेम्पोवाला स्वतःहून थांबला, तेलुगू बोलणारा. आमचा एक शब्द त्याला कळत नव्हता आणि त्याचा आम्हाला. पण चाक कसे धरायचे हे सांगायला भाषा लागत नाही. पाऊण तासात काम झाले. त्याने पैसे घेतले नाहीत, लेकीने दिलेल्या बेसनाच्या वड्या मात्र घेतल्या.

जॅक काढला तेव्हा पाटाला उभी चीर गेलेली होती. मला कसेतरीच झाले.

गणपती त्या दिवशी आम्हाला संध्याकाळी भेटला. देऊळ मधल्या वेळेत बंद असते ते उघडले होते आणि गाभाऱ्यात समईच्या उजेडात ती एवढी मोठी मूर्ती एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्यासारखी बसली होती. सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. बसायला पाट नव्हता, हे त्यांच्या लक्षातही आले नाही.

आतले चाक

दुसऱ्या दिवशी के. आर. पुरमला परतल्यावर फुटलेला टायर घेऊन आम्ही त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने तो उघडून आतली बाजू दाखवली. आत रबराचा काळा भुगा साचला होता आणि बाजूची भिंत गोलाकार घासून गेली होती. म्हणजे हवा कमी असताना तो बराच धावला होता. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबून तापतो आणि तापून तापून शेवटी फुटतो. बाहेरून कळत नाही, कारण शेजारचे चाक त्याला सावरून धरते.

"अम्मा," तो मला म्हणाला, "मी नळी आणायला चाललो होतो."

त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, तरी ते मला लागले. स्टेपनीसाठी आम्ही अख्खी सकाळ घालवली. तिचे वय पाहिले, टायर बदलला, जागा केली, पट्ट्याने बांधली. आणि जी चाके खरोखर धावणार होती, त्यातल्या दोघांना पाच मिनिटे द्यायची वेळ आली तेव्हा मी घड्याळ पाहिले. स्टेपनी बरोबर आहे म्हटल्यावर जीव निर्धास्त झाला होता, तो असा! त्या वेळी डाव्या बाजूला खाई असती, किंवा गाडी अवघड वळणावर असती, तर सातवे चाक काय कामाचे होते?

रात्री मी ह्यांना म्हटले, "तुम्ही मला थांबवायचं होतंत." हे म्हणाले, "नोकरीत कुणी घाई केली असती तर गाडी सोडली नसती. घरच्यांपुढं माणूस ढिला पडतो." तेवढ्यावर तो विषय संपला.

तुम्ही निघालात तर

मोटारहोम घेऊन निघायचा बेत असेल तर स्टेपनी न्यावी का? आमच्या अनुभवाने सांगते, न्यावी. शहरांच्या आसपासच राहणार असाल आणि तुमच्या मापाचा टायर कुठे मिळतो हे आधी विचारून ठेवले असेल, तर नाही नेली तरी एक वेळ भागेल. पण खेड्यापाड्यांत, घाटांत, देवदर्शनाला जाणार असाल तर सामान कमी करा, चाक घ्या.

ठेवायची जागा नीट निवडा. टपावर ठेवू नका. गाडीचा डोलारा आधीच उंच, त्यात वजन वर जाते आणि अडचणीच्या वेळी तीस-पस्तीस किलोचे चाक खाली कोण उतरवणार? मागच्या भिंतीवर अडकवायचे तर सांगाड्याला पक्के जोडलेले कडे हवे, नंबराची पाटी आणि लाल दिवे झाकता कामा नयेत आणि उन्हापासून जपायला वर आच्छादन हवे. खाली टांगलेले असेल तर चिखलाने साखळी जाम झालेली नाही ना, हे घरीच उतरवून पाहा. आत ठेवले तर पट्ट्याने आवळून बांधा, नाहीतर ब्रेक मारताच ते पाहुण्यासारखे पुढे येईल. एकूण वजनाचाही हिशेब करा. पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजेच शंभर किलो.

निघण्याआधी चाके थंड असताना सगळ्यांची हवा तपासा, आतल्या जोडचाकांची आणि स्टेपनीचीही. आतल्या चाकाच्या तोंडाला लांब नळी बसवून मिळते, ती बसवून घ्या. बाजूवरचे चार आकडे वाचा. सहा वर्षांपुढच्या टायरवर नुसत्या नक्षीमुळे विश्वास ठेवू नका. पाना, पाइप, जॅक, त्रिकोण, दोन लाकडी ठोकळे आणि एक जाड फळी बरोबर ठेवा. घर सपाट उभे करण्यासाठी गाडीला जे पाय दिलेले असतात, त्यांच्यावर गाडी उचलून चाक बदलू नका. ते त्या कामाचे नसतात. नट समोरासमोरचे आवळत जा आणि पन्नासएक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाहा. आणि जमत नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, त्यावर फोन करायला लाजू नका.

पाट आम्ही पुण्याला परत आणला. सुताराने खालून दोन पट्ट्या ठोकून दिल्या. वरून चीर दिसतेच. पण सासूबाई रोज त्याच्यावर बसतात. नवा आणू का, असे मी दोनदा विचारले. त्या म्हणाल्या, "राहू दे गं. तू मात्र पुढच्या वेळी हवा बघेपर्यंत धीर धर."